गांजाची बंदिस्त लागवड

गांजाची बंदिस्त लागवड म्हणजे भांगेचे झाड (शास्त्रीय नाव : कॅनाबिस सटायव्हा) शेतात न लावता खोली, तळघर, सदनिका किंवा कापडी तंबू अशा बंद जागेत, मुख्यतः विजेच्या दिव्यांच्या प्रकाशात वाढविणे होय. ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिका व युरोपातील थंड देशांत रूढ झाली. भारतात ती एकविसाव्या शतकात, प्रामुख्याने महानगरांतील सदनिकांमध्ये उघडकीस आलेल्या गुन्ह्यांच्या रूपाने परिचित झाली. कॅनडा, जर्मनी यांसारख्या काही देशांत प्रौढ व्यक्तीस ठराविक संख्येत झाडे घरी लावण्याची मुभा आहे. भारतात मात्र शासनाच्या अनुमतीवाचून एकही झाड लावणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परदेशी मजकूर वाचून किंवा चित्रफिती पाहून कुंडीत बी पेरणाऱ्या नवख्या माणसाला हा फरक पुष्कळदा ठाऊक नसतो.

नाव व संज्ञा

गांजा, भांग आणि चरस ही तीन वेगवेगळी झाडे नव्हेत. एकाच झाडापासून मिळणारे ते तीन पदार्थ आहेत. मादी झाडाचे वाळविलेले, राळयुक्त शेंडे म्हणजे गांजा, पाने म्हणजे भांग आणि झाडावरून वेगळी केलेली राळ म्हणजे चरस. बोलीभाषेत झाडाला कोठे ‘गांजाचे झाड’ तर कोठे ‘भांगेचे झाड’ म्हणतात. ‘तुळशीत भांग उगवणे’ या म्हणीत अभिप्रेत आहे ते हेच झाड. चांगल्या कुळात निपजलेल्या वाईट माणसाविषयी ही म्हण वापरतात आणि भांगेची रोपे आपोआप, नको तेथे उगवत असत, ही वस्तुस्थितीही तीत नोंदली गेली आहे. केसांचा ‘भांग’ हा शब्द यापासून सर्वस्वी भिन्न आहे.

संस्कृतात या वनस्पतीस ‘भङ्गा’ व ‘विजया’ अशी नावे आहेत. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात वनस्पतींच्या नामावळीत तिचा उल्लेख येतो. पाणिनीने पाचव्या अध्यायात तीळ, उडीद, जवस इत्यादींच्या शेतांची नावे कशी सिद्ध होतात हे सांगताना भङ्गेचेही नाव घेतले आहे. भङ्गेच्या शेताला ‘भङ्ग्य’ किंवा ‘भाङ्गीन’ म्हणावे, असा तो नियम. ज्या पिकाच्या शेतासाठी व्याकरणाला स्वतंत्र शब्द सिद्ध करावा लागला, ते पीक त्या काळी नेहमीच्या पाहण्यातले असले पाहिजे. ते धाग्यासाठी घेत की अन्य कारणासाठी, हे सूत्रावरून कळत नाही. शार्ङ्गधरसंहितेत पचनापूर्वीच शरीरभर पसरणाऱ्या, म्हणजे ‘व्यवायी’, द्रव्यांचे उदाहरण म्हणून भांग व अफू यांची नावे दिली आहेत.

मराठीत ‘हेम्प’ या इंग्रजी शब्दामुळे बराच घोटाळा झाला आहे. जुन्या इंग्रजी ग्रंथांत ताग (बोरू) हा ‘सन हेम्प’ आणि अंबाडी ही ‘डेक्कन हेम्प’ म्हणून येते. या दोन्ही धाग्याच्या वनस्पती असून त्यांचा भांगेशी कुळाचाही संबंध नाही. अंबाडी जास्वंदीच्या कुळातील आहे. तथापि तिच्या काही वाणांची बोटांसारखी विभागलेली पाने भांगेच्या पानांसारखी दिसतात आणि म्हणूनच तिच्या शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ हे विशेषण आले. नांदेड-लातूर भागात अंबाडीची भाजी घरोघरी होते. या भागातील कोणालाही ते पान दाखविले तर तो ओळखेल. ते केवळ छायाचित्रात पाहणारा मात्र सहज फसू शकतो.

वनस्पती

भांग ही कॅनाबेसी कुळातील एकवर्षायू वनस्पती आहे. बिअरमध्ये वापरले जाणारे हॉप हे वेल याच कुळातले. लिनियसने १७५३ मध्ये कॅनाबिस सटायव्हा हे नाव दिले आणि १७८५ मध्ये लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही वेगळी जाती मानली. या दोन जाती की एकाच जातीचे प्रकार, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत एकमत नाही. भारतीय कायद्याने हा वाद टाळला असून ‘कॅनाबिस प्रजातीतील कोणतेही झाड’ अशी सरसकट व्याख्या केली आहे.

नर व मादी फुले सामान्यतः वेगवेगळ्या झाडांवर येतात आणि परागीभवन वाऱ्याने होते. मादी फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथिल केसांत राळ साठते. तिच्यातील मादक घटक टीएचसी हा १९६४ मध्ये इस्राएलमधील राफाएल मेशुलम व येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळा केला. मादी फुलांना पराग मिळाला की बी धरते आणि राळेचे प्रमाण घटते. म्हणून मादक पदार्थासाठी लागवड करणारे सर्व देशांत व सर्व काळी नर झाडे उपटून टाकीत आले आहेत. बी पाहून किंवा कोवळे रोप पाहून नर-मादी ओळखता येत नाही. फुलोरा दिसू लागेपर्यंत थांबावे लागते.

प्रकाश आणि फुलोरा

बंदिस्त लागवडीचे सारे तंत्र एका शोधावर उभे आहे आणि त्या शोधाच्या मुळाशी हीच वनस्पती आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. फ्रान्समध्ये झ्युलियाँ तुर्न्वा हा तरुण संशोधक हॉप व भांगेची झाडे काचघरात वाढवीत असताना हिवाळ्यात पेरलेली रोपे अवेळी, अगदी लहानपणीच फुलतात असे त्याला दिसले. त्याने १९१२ पासून प्रसिद्ध केलेल्या निबंधांत याचे कारण दिवसाची लांबी हे आहे आणि त्यातही दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होणे महत्त्वाचे आहे, असा निष्कर्ष मांडला. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच तो मारला गेला. पुढे १९२० मध्ये अमेरिकेतील गार्नर व अलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांनी हा सिद्धान्त पक्का केला आणि त्यास ‘फोटोपिरिऑडिझम’, म्हणजे प्रकाशकालावधी-प्रतिसाद, हे नाव मिळाले.

भांग ही ‘लघुदिन’ वनस्पती आहे. रात्र पुरेशी लांबली की ती फुलोऱ्यावर येते. लोहा गाव साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे जूनअखेर दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरअखेर तो अकरा तासांवर येतो. त्यामुळे दख्खनमध्ये खरिपात पेरलेले झाड पावसाळाभर वाढते व दिवस लहान होऊ लागले की फुलते. उन्हाळ्यात सोळा-सतरा तास उजेड आणि शरदात लवकर गोठणारी थंडी असलेल्या देशांत फुलोरा पुरा होण्याआधीच झाड मरते. तेथील लोकांनी दिव्याखाली, बंद खोलीत कृत्रिम रात्र निर्माण करून ही अडचण सोडविली. म्हणजे ही पद्धत मुळात थंड देशांच्या गरजेतून आलेली आहे. मराठवाड्याच्या उन्हाला तिची गरज नाही. येथे कोणी खोलीत झाड लावीत असेल तर ते ऋतूसाठी नसून लपविण्यासाठी असते आणि न्यायालयातही त्याकडे याच दृष्टीने पाहिले जाण्याचा संभव असतो.

हेच प्रकाशशास्त्र कायदेशीर शेतीत महाराष्ट्रात रोज वापरले जाते. हरितगृहातील शेवंतीही लघुदिन असल्यामुळे तिची वाढ पुरेशी होईपर्यंत रात्री दिवे लावून फुलोरा लांबविला जातो. ड्रॅगन फ्रूटच्या बागांत हंगाम नसताना फुले यावीत म्हणून रात्री बल्ब लावलेले दिसतात. नांदेड जिल्ह्यात अर्धापूर परिसरात लागणारी ऊतिसंवर्धित केळीची रोपेही प्रथम प्रयोगशाळेत, मांडण्यांवरील बाटल्यांत, दिव्यांच्याच प्रकाशात वाढलेली असतात. ज्याला दिव्याखाली रोप वाढविण्याचे कुतूहल आहे त्याच्यासाठी विषय मोठा आहे, त्यासाठी हेच झाड लागते असे नाही.

परदेशांतील बंदिस्त लागवडीत पूर्वी उच्चदाब सोडियम दिवे वापरले जात. आता एलईडी दिवे रूढ होत आहेत. मातीऐवजी पोषकद्रव्ये विरघळविलेल्या पाण्यात झाडे वाढविण्यास ‘हायड्रोपोनिक’ पद्धत म्हणतात. मराठी वृत्तपत्रांत ‘हायड्रोपोनिक गांजा’ हा शब्द कोणत्याही बंदिस्त लागवडीच्या मालास लावला जातो. ते काटेकोर नाही, कारण खोलीत वाढविलेली पुष्कळ झाडे मातीतच किंवा नारळाच्या काथ्याच्या भुशात वाढविलेली असतात.

महाराष्ट्रातील जुनी लागवड

ब्रिटिश अमदानीत गांजा हे परवान्याखालील पीक होते व त्यावर अबकारी कर असे. ब्रिटिश संसदेत १८९३ च्या मार्चमध्ये विचारल्या गेलेल्या एका प्रश्नावरून हिंदुस्थान सरकारने त्याच वर्षी ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी नोंदविल्या व १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला. माफक सेवनाने सहसा हानी होत नाही, अतिसेवन मात्र घातक आहे, तेव्हा संपूर्ण बंदी न घालता कर व परवान्याद्वारे नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता. या अहवालाचा आधार आजही बंदीच्या विरोधकांकडून घेतला जातो. त्या काळच्या मालाची तीव्रता आणि आजच्या बंदिस्त लागवडीतील मालाची तीव्रता एक नाही, हे तसा आधार घेताना बहुधा विसरले जाते.

या अहवालानुसार गांजाची मोठी लागवड बंगालमध्ये नौगाव (आता बांगलादेशात), मध्य प्रांतात खांडवा आणि मुंबई इलाख्यात प्रामुख्याने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात होत असे. बंगालमध्ये नर झाडे ओळखून उपटण्यासाठी ‘परखदार’ नावाचा तज्ज्ञ बोलावीत. इंग्रज अधिकारी त्याला ‘गांजा-डॉक्टर’ म्हणत. शेतभर हिंडून एकेक रोप पाहणाऱ्या या माणसाच्या कामावर साऱ्या पिकाची किंमत अवलंबून असे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ या कायद्याने मद्याबरोबर गांजा-भांगेसारख्या मादक द्रव्यांवरही निर्बंध आले. लोहा व एकूण मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानाच्या भागात होता. तो १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. दरम्यान १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थविषयक एकल करारावर भारताने स्वाक्षरी केली. गांजाचा बिगरवैद्यकीय वापर पंचवीस वर्षांत बंद करावा, अशी त्यात अट होती. पाने मात्र, भारताच्या आग्रहाला अनुकूल अशा रीतीने, ‘कॅनाबिस’च्या व्याख्येतून वगळली गेली. ती मुदत संपत आलेली असताना १९८५ चा केंद्रीय कायदा झाला.

भारतातील कायदा

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस कायदा) हा १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आहे. त्यातील काही तरतुदी नवख्या माणसाच्या समजुतींशी थेट टक्कर घेतात, म्हणून त्या येथे सविस्तर दिल्या आहेत.

पहिली समजूत बियांविषयीची. कायद्यातील गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांपासून वेगळे असलेले बी व पाने वगळली आहेत. यावरून ‘बी बाळगणे गुन्हा नाही, तर लावणे कसा गुन्हा?’ असा तर्क केला जातो. पण कायद्यात ‘गांजा’ व ‘कॅनाबिसचे झाड’ या दोन स्वतंत्र व्याख्या आहेत. बी मातीत घातल्यावर जे उगवते ते दुसऱ्या व्याख्येत येते, मग त्यास फुलोरा आला असो वा नसो. कलम ८ ने अशा झाडाची लागवड करण्यास मनाई केली असून वैद्यकीय व वैज्ञानिक प्रयोजनांसाठी, तेही कायद्याने ठरविलेल्या रीतीने व अनुमतीने, तेवढाच अपवाद ठेवला आहे.

दुसरी समजूत संख्येविषयीची. गांजा बाळगण्याच्या गुन्ह्यात वजनानुसार शिक्षा ठरते. केंद्र शासनाच्या २००१ च्या अधिसूचनेनुसार गांजासाठी एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’ व वीस किलोपासून पुढे ‘व्यावसायिक प्रमाण’ धरले जाते. अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, व्यावसायिक प्रमाणासाठी दहा ते वीस वर्षे आणि किमान एक लाख रुपये दंड आणि या दोहोंच्या मधल्या प्रमाणासाठी दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लागवडीला ही उतरंड लागू नाही. कलम २० मधील लागवडीचा खंड वजन किंवा संख्या यांचा उल्लेखच करीत नाही. दोन कुंड्या असोत की दोन एकर, कमाल शिक्षा तीच, दहा वर्षे. न्यायाधीश शिक्षा ठरविताना परिस्थिती पाहतात, पण खटला त्याच कलमाखाली चालतो. म्हणजे पाव किलो गांजा खिशात सापडलेल्या माणसापेक्षा खिडकीत दोन रोपे लावलेल्या माणसावरचा आरोप कायद्याच्या दृष्टीने कितीतरी जड असतो. हे न्याय्य आहे काय, यावर मतभेद होऊ शकतील. कायद्याची आजची भाषा ही अशी आहे.

तिसरी समजूत ‘माझ्या घरात, माझ्यापुरते’ ही. लागवडीच्या खंडात स्वतःसाठी व विक्रीसाठी असा भेद नाही. घरमालकाने जाणूनबुजून जागा वापरू दिली असेल तर कलम २५ खाली तोही शिक्षेस पात्र ठरतो. कलम ३५ नुसार आरोपीची गुन्हेगारी मनोवस्था न्यायालय गृहीत धरते आणि ती नव्हती हे दाखविण्याचा भार आरोपीवर येतो. कलम ४६ अन्वये जमीनधारकाने आपल्या जमिनीत बेकायदा लागवड झालेली असल्यास ती तत्काळ पोलिसांना किंवा संबंधित अधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे.

अर्थात आपोआप उगवलेले झाड म्हणजे लागवड नव्हे. शेताच्या बांधावर रान झाडे दिसली एवढ्याने ‘लागवड’ सिद्ध होत नाही, पेरणी किंवा निगराणी आरोपीने केली हे दाखवावे लागते, असे उच्च न्यायालयांनी अनेक निकालांत म्हटले आहे. हिमालयाच्या पायथ्याशी, जेथे हे झाड तणासारखे वाढते, तेथे हा मुद्दा वारंवार येतो. सदनिकेत दिवा, पंखा व कुंडी यांच्यामध्ये उभ्या असलेल्या झाडाच्या बाबतीत असा बचाव करण्यास जागा राहत नाही. न्यायालयांत वारंवार उपस्थित होणारा दुसरा मुद्दा वजनाचा आहे. मुळे, खोड, पाने यांसह संपूर्ण झाड तोलले तर ते सर्व ‘गांजा’ धरता येत नाही, कारण व्याख्येत केवळ फुलोऱ्याचे वा फळधारणेचे शेंडे आहेत.

उघडकीस आलेली प्रकरणे

महाराष्ट्रात पोलिसांना सापडणारी लागवड आजही बहुतांशी शेतातलीच असते. तूर, कापूस, ऊस, हळद अशा उंच वा दाट पिकांच्या ओळींत लपविलेली झाडे उपटल्याच्या बातम्या राज्याच्या सर्व भागांतून येतात. सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने ऑगस्ट २०२१ मध्ये, कोणत्याच पिकाला भाव मिळत नसल्याने दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी द्यावी, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे केला होता. पोलिसांनी त्यास प्रसिद्धीचा प्रकार म्हटले. अर्जातील परवानगी मिळण्याजोगी नव्हती, पण शेतमालाच्या भावाविषयीची त्यातील तक्रार कोणी खोटी म्हटल्याचे आढळत नाही.

नांदेड जिल्हा लागवडीपेक्षा वाहतुकीच्या मार्गामुळे अधिक वेळा चर्चेत येतो. आंध्र-ओडिशा सीमेवरील डोंगराळ प्रदेशातला गांजा तेलंगणमार्गे पश्चिमेकडे जातो, तो येथूनच. नोव्हेंबर २०२१ मध्ये अंमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या (एनसीबी) मुंबई पथकाने नायगाव तालुक्यातील मांजरम येथे विशाखापट्टणमकडून जळगावकडे जाणारा ट्रक अडवून सुमारे १,१२७ किलो गांजा जप्त केला होता.

दिव्यांखालील लागवडीची प्रकरणे मात्र शहरी आहेत. एनसीबीने २०२१ मध्येच डोंबिवलीजवळच्या पलावा वसाहतीतील अशी लागवड उघडकीस आणली. गोव्यातही खोल्यांतून केलेली लागवड अनेकदा पकडली गेली आहे. शेजारच्या कर्नाटकात शिवमोग्गा येथे जून २०२३ मध्ये भाड्याच्या घरात गांजा वाढविल्याच्या आरोपावरून वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना अटक झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रेटर नोएडातील एका सदनिकेत ऐंशीहून अधिक कुंड्या सापडल्या. अशा प्रकरणांतील आरोपी सामान्यतः सुशिक्षित असतात आणि त्यांनी तंत्र संगणकाच्या पडद्यावरून शिकलेले असते. थायलंडने ९ जून २०२२ रोजी गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून काढल्यानंतर बँकॉकहून मुंबई विमानतळावर प्रवाशांच्या सामानातून बंदिस्त लागवडीचा गांजा येऊ लागला व सीमाशुल्क विभागाने तो मोठ्या प्रमाणावर पकडला. जून २०२५ मध्ये थायलंडने विक्री पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीपुरती मर्यादित केली.

धोके

बंद खोलीत अनेक तास चालणारे शक्तिमान दिवे, पंखे व पाण्याचे पंप हे घरगुती वायरिंगवर मोठा भार टाकतात. पाणी आणि वीज शेजारी-शेजारी असल्याने शॉक व आग हे परदेशांतील अशा जागांचे नेहमीचे अपघात आहेत. झाडांच्या बाष्पामुळे खोलीत ओल धरते, भिंतींवर व फुलोऱ्यावर बुरशी येते आणि तिचे बीजाणू दम्याच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णास अपायकारक ठरतात. मराठवाड्यात मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांच्या वर जातो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. थंड तळघरे गृहीत धरून लिहिलेले तंत्र येथे काय होते, हे सांगावयास नको.

विजेचा खर्च हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला आहे. अमेरिकेतील एव्हान मिल्स यांनी २०१२ मध्ये केलेल्या अंदाजानुसार त्या देशाच्या एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का बंदिस्त गांजा-लागवडीत खर्च होत होती. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये एक किलो वाळलेल्या फुलोऱ्यामागे, ठिकाणानुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते असे दाखविले. जे झाड उन्हात फुकट वाढते त्यासाठी हा हिशेब आहे.

आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब तीव्रतेची आहे. निवडक वाण, पूर्ण परागविरहित फुलोरा आणि नियंत्रित प्रकाश यांमुळे बंदिस्त लागवडीतील मालात टीएचसीचे प्रमाण बरेच वाढते. अमेरिकेत जप्त केलेल्या नमुन्यांत ते १९९५ मध्ये सरासरी चार टक्के होते, ते २०१४ मध्ये बारा टक्क्यांवर गेले. अधिक तीव्र गांजाचे नियमित सेवन आणि मनोविकृती यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला असून, किशोरवयात सेवन सुरू करणाऱ्यांस व कुटुंबात मानसिक आजार असणाऱ्यांस तो धोका अधिक आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.८ टक्के लोकांनी, म्हणजे ३.१ कोटी व्यक्तींनी, आधीच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. त्यांत भांग घेणारे अधिक होते.

अनुमतीने होणारी लागवड

कायद्याच्या कलम १४ नुसार धागा, बी किंवा उद्यानविद्येच्या प्रयोजनांसाठी सरकार अनुमती देऊ शकते. या तरतुदीचा आधार घेऊन उत्तराखंडने २०१८ मध्ये टीएचसीचे प्रमाण ०.३ टक्क्यांहून कमी असलेल्या औद्योगिक वाणांच्या लागवडीस परवाना दिला. जम्मूतील भारतीय समवेत औषध संस्थेत वैद्यकीय संशोधनासाठी संरक्षित क्षेत्रात झाडे वाढविली जातात. हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासास मान्यता दिली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये भांगेचे बी व त्याचे तेल यांस ठराविक मर्यादेत अन्न म्हणून मान्यता दिली असून अशी उत्पादने महाराष्ट्रातही विकली जातात. दुकानात मिळणारे बी अन्न म्हणून विकलेले असते, ते पेरण्याची अनुमती त्यातून मिळत नाही. आयुर्वेदीय औषधांत भांगेचा वापर परवानाधारक उत्पादकांकडून, शोधन केल्यानंतर होतो. ती औषधे वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावयाच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये गांजा १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक अनुसूचीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळला, तेव्हा भारताचे मत वगळण्याच्या बाजूने होते. ‘भारतात गांजा कायदेशीर झाला’ असा चुकीचा समज त्या बातमीनंतर काही काळ पसरला होता. देशांतर्गत कायद्यात त्यामुळे काहीही बदल झाला नाही.

घरी लावण्याची मुभा असलेल्या देशांत उरुग्वे (२०१३ च्या कायद्याने सहा झाडे), कॅनडा (१७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रत्येक घरास चार झाडे, क्वेबेक प्रांतात मात्र मनाई) व जर्मनी (१ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस तीन झाडे) यांचा समावेश होतो. या देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील व्यक्तींना तेथील मुभा भारतात येताना बरोबर आणता येत नाही.

उपचार व सवलत

एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-क नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने शासनमान्य संस्थेत उपचार घेतल्यास तिच्यावरील खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडल्यास ही सवलत काढून घेता येते. लागवडीच्या गुन्ह्याचा उल्लेख या कलमात नाही. सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर आहे. महाराष्ट्रात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात स्थापन केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे या क्षेत्रातील जुन्या संस्थांपैकी एक असून तेथे मद्य व ब्राउन शुगरबरोबर गांजाच्या व्यसनावरही उपचार केले जातात.